विजयकर सरांची लिंक

अपूर्वा आमच्या शाळेत जूनमध्ये लागली आणि ऑगस्टमध्ये तिनं माझी अब्रू काढली. तिचा तसा काही इरादा नव्हता. तिनं फक्त एक लिंक उघडून बघितली.

आमची शाळा परळची, मराठी माध्यमाची, आणि मी तिथे चोवीस वर्षं गणित शिकवते. मृणालिनी सबनीस. मुलं सबनीस बाई म्हणतात, नवे शिक्षक मॅडम म्हणतात. गेली पाच वर्षं मला आणखी एक बिरुद चिकटलंय, 'तंत्रस्नेही शिक्षिका'. म्हणजे कोणाचा प्रोजेक्टर लागत नसला, कोणाला ऑनलाइन चाचणी बनवता येत नसली, की बोलवा सबनीस बाईंना. शिक्षकांच्या ग्रुपची अ‍ॅडमिन मीच. 'अध्यापन कट्टा' हे नावही माझंच. वर्गात वापरायच्या कल्पना आम्ही तिथे एकमेकांना पाठवतो: खेळ, तक्ते, व्हिडिओ, दहा सेकंदांत उत्तर द्यायच्या प्रश्नमंजुषा. कोणी काही पाठवलं की मी ते उचलते आणि इयत्तेप्रमाणे, धड्याप्रमाणे एका फोल्डरात लावून ठेवते. चारशे बारा गोष्टी आहेत त्यात. मला त्या फोल्डरचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. सासूनं नव्या सुनेला किल्ल्या द्याव्यात तसं मी ते अपूर्वाच्या हवाली केलं होतं. "सगळं तयार आहे, तुला डोकं चालवायची गरजच पडणार नाही," असंही वर सांगितलं होतं.

पण ही मुलगी डोकं चालवणाऱ्यांतली निघाली. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत फोन घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, हे विजयकर सर कोण?"

"होते आमचे गणिताचे. रिटायर झाले. का गं?"

"त्यांचा अपूर्णांकांच्या भागाकाराचा व्हिडिओ आहे ना, सहावीचा, तो ओपनच होत नाहीये. परवानगी मागतोय."

"तुझ्या फोनचं काहीतरी असेल."

"कॉम्प्युटरवर पण ट्राय केला. मी रिक्वेस्ट टाकलीय त्यांना."

मी माझ्या फोनवर तीच लिंक दाबली. पांढरा पडदा आला, मध्ये कुलपाचं चित्र, खाली 'परवानगी मागा'. मग मी ग्रुपवर मागे मागे गेले, नोव्हेंबर दोन हजार बावीसपर्यंत. त्या वेळी आम्ही अठरा शिक्षक होतो. सरांनी लिंक टाकलेली, आणि खाली उरलेल्या सतराही जणांची दाद. 'खूप उपयुक्त सर.' 'संग्रही ठेवावा असा तास.' विनीत सरांच्या टाळ्याच टाळ्या. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यात पहिली, माझी: 'अप्रतिम सर! डोळे पाणावले.'

अशी लिंक आपण उघडी करून देईपर्यंत बंदच असते, आणि ही पहिल्या दिवसापासून बंद होती. म्हणजे सतरापैकी एकानंही ती उघडायचा प्रयत्न केला नव्हता. केला असता तर त्याच दिवशी ओरड झाली असती.

माझा स्वभाव असा की लाज वाटली की मी आधी दुसऱ्यांवर भडकते. स्टाफरूममध्ये जाऊन मी सरळ विचारलं, "विजयकर सरांचा शेवटचा व्हिडिओ कोणी कोणी बघितला होता?"

सगळे डब्यात बघायला लागले. विनीत सर विज्ञान शिकवतात, पुराव्याशिवाय बोलू नये हे त्यांना तरी कळायला हवं होतं. ते म्हणाले, "मी बघितला होता ना. मस्त होता एकदम."

"कुठे बघितलात?"

"म्हणजे… सुरुवात बघितली होती."

"सुरुवातीलाच कुलूप आहे, सर."

विनीत सरांनी डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "आणि तुमचे डोळे कसे काय पाणावले होते, बाई?" चहा तसाच टाकून मी वर्गावर गेले.

हे सगळं इतकं लागण्याचं कारण वेगळं होतं. विजयकर सरांनी ते रेकॉर्डिंग हौसेनं केलेलं नव्हतं. मी त्यांना ते करायला लावलं होतं.

आमच्या शाळेत एक रीत होती, आणि ती सरांनी पाडलेली. शनिवारी शाळा अकराला सुटायची. सव्वाअकराला सगळे शिक्षक सहावी 'अ'च्या बाकांवर जाऊन बसायचे आणि आमच्यातलाच एक जण उरलेल्यांना शिकवायचा. जो शिकवेल तो शिक्षक, बाकी सगळे मुलं. त्या पाऊण तासात बाकांवरच्या कोणाला सर नाही, मॅडम नाही, सरळ पहिलं नाव आणि एकेरी. आमच्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाई, ज्यांच्यासमोर शिपाईसुद्धा चप्पल वाजू देत नाही, त्यांना सर म्हणायचे, "सरोजिनी, खिडकीबाहेर काय आहे? आम्हालाही सांग." आणि बाई खरंच ओशाळायच्या. कुरकुर सगळेच करायचे. लोकांना घरं होती, भाज्या आणायच्या होत्या. पण यायचे.

मी जे काही शिकवायला शिकले ते त्या बाकांवर. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी क्षेत्रफळ शिकवत होते, तर सर मागच्या बाकावरून ढ मुलासारखं बोट वर करून म्हणाले, "बाई, गोल ताटाचं क्षेत्रफळ चौरसात का मोजायचं? ते तर गोल आहे." मला इतका राग आला होता! घरी जाऊन रडले. सोमवारी सहावीतल्या एका मुलीनं अगदी तोच प्रश्न विचारला, आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं.

मग कोरोनात शाळा बंद झाल्या, ग्रुप आला, आणि माझे दिवस आले. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शनिवार काही परत सुरू झाला नाही. मी तो बंद केला असं कोणी म्हणणार नाही. मी फक्त 'यंदा शनिवारचे तास केव्हापासून' असा मेसेज टाकला नाही, आणि सूचना टाकणारी मीच होते. लोकांनाही बरंच वाटलं. आता वेळ मिळेल तेव्हा घरबसल्या बघता येतं, असं मी दहा जणांना सांगितलं असेल.

सर नोव्हेंबरच्या तीस तारखेला रिटायर व्हायचे होते. आठवडाभर आधी ते माझ्याकडे आले. उंच माणूस, पण काही मागायचं असलं की थोडे वाकून उभे राहायचे.

"सबनीस बाई, हा शेवटचा शनिवार मला द्याल का? एकच तास घ्यायचाय. अपूर्णांकांचा भागाकार. चौतीस वर्षांत तो आता कुठे मला जमायला लागलाय."

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "सर, एवढ्या जणांना थांबवायचं म्हणजे… त्यापेक्षा रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका ना. तास काय, संपला की संपला. हे कायम राहील."

ते सरळ उभे राहिले. "बरं," म्हणाले. "दाखवा मग कसं करायचं."

मी पाच मिनिटांत दाखवलं. फोन असा ठेवायचा, हे दाबायचं, असं चढवायचं, इथून लिंक घ्यायची. लिंक सगळ्यांना उघडी करून द्यावी लागते, एवढं एक सांगायचं राहिलं. मला घाई होती. कशाची होती, ते आज आठवत नाही.

निरोप समारंभात शाल झाली, श्रीफळ झालं. सरोजिनीबाई भाषणात म्हणाल्या, "सरांनी आपल्याला जाता जाता जो सुंदर तास दिला, तो तर आपण सगळ्यांनी पाहिलाच आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. सर मांडीवर नारळ घेऊन बसले होते. ते आमच्याकडे बघून हसले. आमच्या टाळ्या खऱ्या की खोट्या हे त्यांना कळत असेल का, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

तीन वर्षं होत आली. या तीन वर्षांत मी त्यांना एकदाही भेटले नव्हते. गुरुपौर्णिमेला मात्र न चुकता फुलांचं चित्र पाठवत होते.

स्टाफरूममधल्या त्या तमाशानंतरच्या रविवारी मी गिरगावात गेले. सर वाडीतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार सुमतीताईंनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं आणि आत बघून म्हणाल्या, "अहो, सबनीस बाई आल्यात." सर खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. केस सगळे पांढरे झालेत, बाकी तसेच.

मी ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. तब्येत कशी, इमारतीच्या पुनर्विकासाचं कुठवर आलं, नात कितवीला. चहा झाला, नारळाची वडी झाली. शेवटी सरच म्हणाले, "तुमच्याकडे कोणी अपूर्वा म्हणून बाई आल्यात का?"

"हो सर. नवी आहे."

"त्यांची मेल आली परवा. तीन वर्षांत पहिली."

मी मान खाली घातली. सुमतीताई कपबश्या उचलत होत्या. त्या सहज बोलून गेल्या, "पहिलं वर्षभर रोज सकाळी पेपरच्या आधी मेल बघायचे हे. मी म्हणायची, अहो, तुम्हाला कोण लिहिणार आहे?"

"अगं, सगळं सांगायला हवं का?" सर म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "लिंक बंद आहे हे?"

"महिन्याभरात कळलं. नातीला दाखवायला गेलो, देविकाला. तिच्या फोनवर उघडेना. ती म्हणाली, आजोबा, हे लॉक आहे, कोणी मागितलं की तुम्हाला मेल येईल. लगेच उघडून देत होती पोर. मी म्हटलं, राहू दे. ज्याला बघायचं असेल तो मागेल की."

खालून वाडीतल्या पोरांच्या क्रिकेटचा आवाज येत होता. बोलायची पाळी माझी होती हे मला कळत होतं.

"सर, मी तो बघितला नव्हता."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं, बाई. तास एकेचाळीस मिनिटांचा आहे. मी लिंक टाकली बारा चाळीसला. तुमचे डोळे पाणावले बारा एकेचाळीसला."

ते हसत बोलले, पण मला हसता आलं नाही. खरंच पाणी आलं आता, आणि त्याचीसुद्धा लाज वाटली. वरातीमागून घोडं. मी दादरच्या मंडईत मेथीची जुडी निवडत होते त्या वेळी, डाव्या हातात फोन. हेही मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

"राग नाही आला मला," सर म्हणाले. "वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आता खोटं कशाला बोलू. बाकीच्यांचं एवढं नाही. तुमचं वाटलं."

मी म्हटलं, "चुकलं माझं." आणि ते दोन शब्द माझ्याच कानाला फार स्वस्त वाटले.

सरांनी चष्मा लावला, फोन घेतला आणि एका बोटानं सावकाश काहीतरी केलं. "अपूर्वाबाईंना दिली परवानगी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला हवीय?"

"हो सर."

"मग मागा ना."

मला आधी कळेना. मग मी फोन काढला, लिंक उघडली, कुलपाखालचं ते बटण दाबलं. समोर तिपाईवर त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलून माझं नाव पूर्ण वाचलं, मृणालिनी सबनीस, आणि होकार दाबला. मी तिथेच उघडायला गेले तर हात वर करून त्यांनी थांबवलं.

"इथे नको. शाळेत बघा. बाकावर बसून."

मी ग्रुपवर सूचना टाकली: शनिवारी सव्वाअकरा वाजता, सहावी 'अ', विजयकर सरांचा तास, सर्वांनी यावे. चौदा अंगठे आले. शनिवारी माणसं आली तीन: अपूर्वा, विनीत सर आणि मी. सरोजिनीबाईंना केंद्रावर मीटिंग होती. बाकीच्यांनी 'नंतर बघतो, लिंक आहेच' असं कळवलं. हे वाक्य मीच त्यांना शिकवलंय, तेव्हा कोणावर भडकायची सोय नव्हती.

प्रोजेक्टर लावला. पडद्यावर हाच वर्ग, हाच फळा, फोन जरा तिरका ठेवलेला, त्यामुळे अर्धा पंखा दिसत होता. सर आत आले. रिकाम्या बाकांकडे बघून म्हणाले, "बसा." आणि हजेरी घ्यायला लागले. पाठ होती त्यांना. "सरोजिनी." थांबले. मान हलवली. "विनीत." पुन्हा थांबले. माझ्या शेजारी विनीत सर पुटपुटले, "हजर." अपूर्वाला हसू येणार होतं, पण त्यांचं तोंड बघून तिनं ते आवरलं. सतरा नावं झाली. माझं नाव आलं तेव्हा मी नुसता हात वर केला.

मग सरांनी टेबलावर दोन मापं ठेवली, एक अर्ध्या लिटरचं, एक पाव लिटरचं, आणि फळ्यावर लिहिलं: अर्धा भागिले पाव. "उत्तर नको," ते म्हणाले. "उत्तर मलाही येतं. याची गोष्ट सांगा." आणि ते गप्प उभे राहिले. दहा सेकंद, वीस, तीस. पडद्यावर नुसता पंखा फिरत होता. माझा हात सवयीनं माउसकडे गेला, पुढे सरकवायला.

"थांबा ना मॅडम," अपूर्वा हळूच म्हणाली. "ते वर्गाला विचार करायला वेळ देतायत."

मी हात मागे घेतला.

"बरोबर, विनीत," सर पडद्यावरून म्हणाले. "अर्धा लिटर दूध आहे, पाव लिटरचं माप आहे. माप किती वेळा भरेल? दोनदा." अशी एकेकाला उठवत ते गोष्ट पुढे नेत होते. प्रत्येकाला प्रश्न, प्रत्येकासाठी तेवढीच शांतता, आणि मग त्या माणसानं जे सांगितलं असेल असं त्यांना वाटत होतं, त्यावर पुढचं पाऊल. चौतीस वर्षांत जमायला लागलं म्हणाले होते ते हे होतं. असा तास मी आयुष्यात बघितला नव्हता, आणि तो माझ्या फोल्डरात तीन वर्षं पडून होता.

शेवटाकडे त्यांनी फळा पुसला आणि उलटं लिहिलं: पाव भागिले अर्धा.

"हे अवघड आहे," सर म्हणाले. "हे मृणालिनीला विचारतो. ऊठ गं. घाई नाही. गोष्ट सांग."

मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, बाक मागे सरकवून. चोवीस वर्षं मी हे गणित शिकवते. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, उत्तर अर्धा. हे झोपेतही सांगेन. पण गोष्ट? पाव लिटर दूध आणि अर्ध्या लिटरचं माप, पुढे काय? मला सुचेना. सर खडू खाली ठेवून माझ्याकडे बघत होते, म्हणजे तीन वर्षांपूर्वी एका रिकाम्या बाकाकडे बघत होते. विनीत सर आणि अपूर्वाही माझ्याकडे बघायला लागले. बाकी कोणासाठी थांबले नव्हते इतका वेळ सर थांबले.

मग त्यांचा चेहरा फुलला.

"शाब्बास," ते म्हणाले. "हेच मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. बस खाली."

मी एक शब्दही बोलले नव्हते.